पहिल्या पुस्तकाचे जामीनदार



लेखकाचे पहिले पुस्तक म्हटले की आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र येते. छापखान्यातून नुकताच आलेला गठ्ठा, कोऱ्या कागदाचा आणि शाईचा वास, मुखपृष्ठावर छापलेले स्वतःचे नाव, आणि ते पुन्हा पुन्हा उघडून पाहणारा लेखक. हे चित्र खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यात लेखक एकटाच दिसतो, आणि तेवढ्यापुरते ते अपुरे आहे. पुस्तक लिहावयास एकटा माणूस पुरतो. पहिले पुस्तक निघावयास एकटा माणूस पुरत नाही. ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही, ज्याच्या अक्षराला बाजारात अजून मोल आलेले नाही, त्याच्यासाठी कागद कोण आणणार, खिळे कोण जुळवणार, आणि प्रती पडून राहिल्या तर तोटा कोण सोसणार? सावकाराकडून कर्ज काढताना जसा जामीन लागतो, तसा पहिल्या पुस्तकालाही लागतो. हा जामीन वेळोवेळी कोण राहिला, आणि कोणासाठी कोणीच राहिले नाही, एवढ्याच प्रश्नाचा मागोवा मराठीच्या इतिहासात आज आपण घेऊ.

मराठी मुद्रणाचा आरंभ गोव्यात होतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यास आला, येथील भाषा शिकला आणि तिच्यात त्याने ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली साष्टीतील रायतूर येथे छापून निघाले. ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार. एवढा प्रचंड ग्रंथ, आणि तो मराठीत. परंतु छापला गेला तो रोमन अक्षरांत. याचे कारण स्टीफन्सच्याच एका पत्रात सापडते. 1608 साली त्याने रोममधील आपल्या वरिष्ठांस लिहिले, त्यात या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत ही आपली पुष्कळ वर्षांची इच्छा त्याने बोलून दाखविली आहे. अडचणी दोन होत्या. आपली अक्षरे जोडाक्षरांसह मोजली तर सुमारे सहाशे ठसे पाडावे लागतील, ही पहिली. आणि वरिष्ठांच्या आज्ञेवाचून व साहाय्यावाचून हे काम हाती घेता येत नाही, ही दुसरी. ती इच्छा पुरी झाली नाही. ग्रंथ निघाला तो धर्माधिकाऱ्यांच्या परवानग्या घेऊन, आणि त्यांच्या टाइपांत.

या दोन अडचणींकडे श्रोत्यांनी नीट लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. एक अडचण साधनांची आहे आणि दुसरी परवानगीची. पुढील चारशे वर्षांत मराठीतल्या प्रत्येक नवख्या लेखकासमोर याच दोन अडचणी वेषांतर करून उभ्या राहिलेल्या दिसतात.

त्यानंतर जवळजवळ दोन शतके आपल्या मुलुखात पुस्तक म्हणजे हाताने लिहिलेली पोथीच. पुण्यास पेशव्यांचे राज्य होते, पंडित होते, शाहीर होते, बखरकार होते. छापखाना तेवढा नव्हता. देवनागरी अक्षरांत मराठी छापले गेले ते दूर बंगालमध्ये, श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण तेथे 1805 साली निघाले. त्यांना मराठी शिकविणारे पंडित वैजनाथ हे होते, आणि देवनागरी ठशांमागे पंचानन कर्मकार या कुशल लोहाराची कारागिरी होती. म्हणजे आपल्या भाषेचे हे पुस्तक एका इंग्रज मिशनऱ्याच्या नावावर आणि एका बंगाली कारागिराच्या हातांवर उभे राहिले. जामीन येथेही परकाच.

हे परावलंबन मोडावयास प्रथम पुढे आला तो कोणी पंडित किंवा कवी नव्हे. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली काम करणारा भंडारी समाजातील एक होतकरू तरुण, गणपत कृष्णाजी, हा तो माणूस. त्यांनी शिळाछापाचे यंत्र स्वतः खटपट करून उभे केले, शाईचे प्रयोग केले, आणि 1831 साली छापील मराठी पंचांग काढले. विषयाची निवड पाहा. छापील कागदाला शिवावयास सोवळी मंडळी कचरत असत, कारण शाईत चरबी असते असा प्रवाद होता; गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असे सांगतात. ज्या घरात दुसरे कोणतेही पुस्तक शिरणार नाही, त्या घरात पंचांग शिरणारच, हा त्यांचा हिशेब. छापील मराठी पुस्तकाला आपल्या समाजात पहिला विश्वास अशा रीतीने मिळाला.

शिळाछापाचा लाभ नवख्या लेखकास फार झाला. चांगल्या अक्षराच्या लेखनिकाने खास शाईने मजकूर लिहावा, तो दगडावर उतरवावा आणि प्रती काढाव्यात. सहाशे ठशांची गरज नाही, खिळ्यांच्या पेट्या नकोत, जुळारी नकोत. थोड्या भांडवलात, थोड्या प्रती निघू शकत. पुढे गणपत कृष्णाजींनी खिळ्यांचाही छापखाना उभारला, आणि 1869 साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढल्यावर देवनागरी टाइपाची सुबकता सर्व देशात नावाजली गेली. स्टीफन्सची पहिली अडचण अशी अडीचशे वर्षांनी दूर झाली.

परंतु दुसरी उरलीच. पैसा कोणाचा आणि परवानगी कोणाची?

श्रावणात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची पेशवाईतील प्रथा इंग्रजांनी कमी प्रमाणात पुढे चालू ठेवली होती. या पैशातील काही भाग मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन म्हणून द्यावा, असा अर्ज पुण्यातील काही सुधारक तरुणांनी 1849 च्या सुमारास सरकारकडे केला. सनातनी मंडळी फार चिडली. अर्जदारांच्या अंगावर जाण्यापर्यंत गोष्ट गेली, तेव्हा तरुण जोतीराव फुले आपली माणसे घेऊन त्यांच्या रक्षणास उभे राहिले, असे चरित्रकार सांगतात. अर्ज मान्य झाला आणि 1851 साली दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. मराठीत पुस्तक लिहावे, कमिटीकडे पाठवावे, पसंत पडल्यास बक्षीस मिळावे, असा हा प्रकार होता. दरिद्री लेखकाला जामीन राहणारी एक संस्था आपल्याकडे प्रथमच निर्माण झाली.

आता पुढील घटना ऐका. 1855 साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे एक नाटक लिहिले. एका गरीब कुणब्याची बायको गरोदर आहे. ग्रहांची भीती घालून जोशी त्या जोडप्यास कसा नागवतो, आणि शेवटी ती दोघे प्रौढांच्या शाळेत शिकावयास जाण्याचा निश्चय कसा करतात, अशी त्याची कथा आहे. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. ज्या निधीतून मराठी पुस्तकांस पैसा मिळावा म्हणून त्यांनी रस्त्यावर उभे राहण्याची तयारी केली होती, त्याच निधीच्या दारावर त्यांचे हे पहिले नाटक गेले, आणि ते नाकारले गेले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे त्यांनी स्वतःच पुढे ‘गुलामगिरी’त नमूद केले आहे. तेथेच त्यांनी हेही सांगितले आहे, की ते पुस्तक बाजूस ठेवून काही वर्षांनी ‘ब्राह्मणांचे कसब’ हे लहान पुस्तक आपण स्वखर्चाने छापले.

‘तृतीय रत्न’ छापून निघाले ते 1979 साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. 1855 पासून 1979 पर्यंत वर्षे होतात एकशे चोवीस. लेखक 1890 सालीच निवर्तला होता. मराठी नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या अवधीत किती ग्रंथ लिहिले, किती आद्य नाटककारांच्या गौरवसभा झाल्या! आणि ज्यात कुणब्याची बायको रंगभूमीवर येऊन आपल्या घरची खरी गोष्ट सांगते, ते नाटक तेवढे कागदांत बांधलेले राहिले. एक पुस्तक वेळेवर न निघाल्याने काय होते? लेखकाचे नुकसान होते हे तर खरेच. परंतु त्याच्या मागून येणाऱ्या ज्या मुलांना ते वाचून लिहिण्याचे धैर्य झाले असते, त्यांचे नुकसान मोजणार कोण?

याच घरातील दुसरी गोष्ट अधिक सुखाची आहे. नाटक नाकारले जाण्यापूर्वी एकच वर्ष, 1854 साली, सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस होते. शाळेत जाताना ज्यांच्या अंगावर शेण फेकले जाई, त्या बाईंचे नाव पुस्तकावर छापले गेले. त्यांचे पती त्यांना जामीन होते, आणि त्यांच्या स्वतःच्या धैर्यालाही जामिनाचेच मोल होते.

श्रोतेहो, ज्या प्रकारच्या व्यासपीठावरून आम्ही बोलत आहो, त्याचा उगमही या कथेत येतो. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. तीन वर्षांनी, 11 मे 1878 रोजी, रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या हिराबागेत मराठी ग्रंथकारांची सभा भरली. व्याख्यानांनी ऐकणारे तयार करावयाचे आणि ग्रंथकार सभेने लिहिणाऱ्यांस बळ द्यावयाचे, असे हे दोन हातांचे काम होते. लेखकांनी एकत्र यावे, पुस्तकांचा प्रसार वाढावा, ही तळमळ खरी होती यात शंका नाही. आज ज्यास आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो, त्याची परंपरा याच सभेपासून मोजली जाते.

दुसरी सभा 1885 साली भरली. तिचे निमंत्रण जोतीराव फुल्यांस गेले, आणि त्यांनी ते नाकारले. त्यांचे उत्तर त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाले. जे लोक सर्व माणसांस माणुसकीचे हक्क मोकळ्या मनाने देत नाहीत, त्यांच्या सभा आणि त्यांची पुस्तके आमच्या उपयोगी पडणार नाहीत, आमचे आम्ही पाहून घेऊ, असा त्याचा आशय. या पत्रावर पुष्कळ चर्चा झाली आहे. ते कठोर आहे असे कित्येकांस वाटते. आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे, की तीस वर्षांपूर्वी ज्याचे पहिले नाटक एका कमिटीने परत केले, त्याच्याच हातचे हे पत्र आहे हे ध्यानात ठेवून ते वाचावे. रानड्यांची सदिच्छा एका पारड्यात आणि जोतीरावांचा अनुभव दुसऱ्या पारड्यात घातला, तर अनुभवाचे पारडे जड होते.

या दोन सभांच्या मधल्या काळात, 1882 साली, पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक लहानसे पुस्तक छापले गेले. नाव ‘स्त्रीपुरुष तुलना’, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. लेखिका ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक विचाराचे होते. पुस्तकाचे निमित्त असे झाले, की 1881 साली सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेस अनैतिक संबंधातून झालेल्या मुलाची हत्या केल्याबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली, आणि अपिलात ती कमी करण्यात आली. यावर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या दुर्गुणांचा जो पाऊस पडला, त्याला ताराबाईंनी उत्तर दिले. जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा सरळ प्रश्न होता, आणि भाषा घरातली, धारदार, कोणाची भीड न धरणारी होती.

यापुढे ताराबाईंचे एकही पुस्तक आलेले नाही. पहिले तेच शेवटचे. पुस्तकावर टीका झाली, आणि ती करणाऱ्यांत परके होते तसे आपलेही होते. जोतीरावांनी मात्र 1885 साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेऊन टीकाकारांस जाब विचारला. ज्याच्या स्वतःच्या पहिल्या नाटकास कोणी जामीन राहिले नव्हते, तो दुसऱ्याच्या पहिल्या पुस्तकास जामीन राहिला, हे आम्हांस या सर्व इतिहासातील मोठे पान वाटते. पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी ते 1975 साली पुन्हा प्रकाशात आणले, आणि आज जगभर ते वाचले जाते. पाचशे प्रतींपैकी काही कोठेतरी जपून राहिल्या म्हणून हे घडले. 1867 च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद करणे आवश्यक केले होते. सरकारचा हेतू लेखकांवर नजर ठेवण्याचा होता. परंतु कोणते पुस्तक कधी, कोठे, किती प्रतींनी निघाले, हे आज सांगता येते ते अशा नोंदींमुळेच. पाळत ठेवणाऱ्याच्या वह्या इतिहासकाराच्या उपयोगी पडतात, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा.

आतापर्यंत आपण कमिटी पाहिली, आणि स्वतःची थैली पाहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणखी एक जामीन पुढे आला. तो म्हणजे मासिक. पुस्तकाइतका खर्च नाही, वर्गणीदार बांधलेले, आणि नव्या नावाला चार पाने देऊन पाहण्यास हरकत नाही. जळगावास नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 साली ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले आणि ते कित्येक वर्षे चालविले. केशवसुतांच्या कविता अशा नियतकालिकांतून आल्या. परंतु ज्यांस आपण आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो, त्या केशवसुतांनी आपल्या कवितांचे पुस्तक डोळ्यांनी पाहिले नाही. 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला. संग्रह निघाला तो दहा-बारा वर्षांनी, हरिभाऊ आपट्यांच्या खटपटीने. पहिले पुस्तक हातात घेण्याचा जो आनंद आरंभी वर्णिला, तो मराठी कवितेला नवे वळण देणाऱ्या माणसाच्या वाट्यास आलाच नाही. एका कादंबरीकाराने कवीसाठी हे श्रम घेतले, हे विसरता कामा नये.

पुढच्या पिढीने यातून धडा घेतलेला दिसतो. 1923 साली पुण्यास रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि त्याच वर्षी मंडळाचा ‘किरण’ हा संग्रह निघाला. कवींनी एकमेकांस जामीन राहण्याचा हा प्रयोग होता. एकट्याच्या पहिल्या पुस्तकास जो वाचक बिचकतो, तो सातआठ जणांच्या पुस्तकास जवळ करतो. आणि ओळख झाल्यावर मग एकेकाचे पुस्तक मागून येऊ शकते. चहाच्या पेल्याभोवती जमणारी मंडळी म्हणून त्यांची थट्टा झाली, पण त्यांचा व्यवहार शहाणपणाचा होता.

विसाव्या शतकात प्रकाशक नावाचा स्वतंत्र व्यावसायिक उभा राहिला. त्याच्या धैर्याचे एक उदाहरण सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिका विभावरी शिरूरकर, प्रकाशक ह. वि. मोटे. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालते हे त्या कथांत उघडपणे आले होते, आणि समाजात मोठी खळबळ उडाली. ही विभावरी कोण, बाई की पुरुष, याचा शोध सुरू झाला. त्या नावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, होत्या. त्यांच्या स्वतःच्या नावाने आधी शास्त्रीय स्वरूपाचे लेखन निघाले होते. परंतु हे पुस्तक खऱ्या नावाने काढणे त्या काळच्या शिक्षिकेस परवडणारे नव्हते. अशा वेळी प्रकाशकाचे काम छपाई आणि विक्री एवढ्यावर संपत नाही. लेखिकेच्या नावाचे गुपित सांभाळणे आणि तिच्या वाटेचे दगड स्वतः झेलणे, हेही त्याच्याकडे येते. मोट्यांनी ते केले.

कधी जामीन राहतो तो दुसरा लेखकच. वि. वा. शिरवाडकर यांचा ‘जीवनलहरी’ हा पहिला लहान संग्रह 1933 साली निघाला होता, त्या वेळी ते एकवीस वर्षांचे होते. त्याने कवीचे नाव महाराष्ट्रभर झाले असे कोणी म्हणणार नाही. 1942 साल उजाडले. देशात चळवळ, जगात महायुद्ध, बाजारात कागदाची टंचाई. अशा वर्षी वि. स. खांडेकर यांनी कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ स्वतः पदरमोड करून प्रसिद्ध केला. खांडेकर त्या वेळी लोकप्रियतेच्या शिखरावर होते. आपल्या नावाचे वजन आणि आपला पैसा त्यांनी एका तरुणाच्या कवितेमागे उभा केला. त्या दोघांसही पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, खांडेकरांस 1974 चा आणि कुसुमाग्रजांस 1987 चा. 1942 मध्ये हे कोणास ठाऊक होते? जामीन राहणाऱ्यास पुढचे दिसत नसते. दिसत असते तर त्यास जामीन म्हणण्याचे कारणच उरले नसते.

आता पुन्हा जळगावाकडे वळू. ज्या गावी ‘काव्यरत्नावली’सारखे मासिक निघत होते, त्याच गावच्या चौधरी वाड्यात असोद्याहून सून म्हणून आलेली एक बाई जात्यावर, चुलीपुढे, शेतात काम करता करता ओव्या रचीत होती. तिला लिहितावाचता येत नव्हते. मासिक तिच्यापर्यंत पोचले नाही, आणि तिचे गाणे मासिकापर्यंत पोचले नाही. मध्ये अंतर होते ते अक्षराचे. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि घरातील एक नातेवाईक यांनी टिपून ठेवली म्हणून वाचली. बहिणाबाई 3 डिसेंबर 1951 रोजी वारल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांस दाखविली, आणि अत्र्यांच्या आग्रहाने व प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ 1952 साली प्रसिद्ध झाली. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्याचे गाणे, आणि पहिले पुस्तक मरणानंतर. येथे पुत्र जामीन राहिला आणि एक नामवंत लेखक जामीन राहिला. ज्या असंख्य बायांचे सोपानदेव नव्हते, त्यांची गाणी जात्याच्या पिठाबरोबर संपून गेली.

अनोळखी आवाजासाठी ओळखीच्या लेखकाने प्रस्तावना लिहावी, ही रीत पुढेही चालली. मुंबईतील ज्या वस्तीचे नाव सभ्य समाज उच्चारीत नसे, तेथील जीवन घेऊन नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ 1972 साली आला. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली, आणि ती लिहिण्यापूर्वी ढसाळांसोबत तो भाग पायी हिंडून पाहिला. त्या कवितेतील कित्येक शब्दांचा अर्थ मध्यमवर्गीय वाचकास ठाऊक नव्हता, तसा आपल्यासही नाही, हे तेंडुलकरांनी लपवून ठेवले नाही. नव्या आवाजास जामीन राहताना आधी आपले अज्ञान कबूल करावे लागते, हा त्यातला बोध. दक्षिणा प्राइज कमिटीच्या सभासदांस 1855 साली एवढे साधले असते, तर?

कमिटीची गोष्ट निघाली आहे म्हणून हेही सांगावयास हवे, की शासनाने पुढे ते काम निराळ्या बुद्धीने हाती घेतले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 साली साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. या मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून ज्यांचे एकही पुस्तक आलेले नाही अशांच्या पहिल्या पुस्तकास साहाय्य मिळते. ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही, त्यालाच मदत, असा नियम करणारी योजना दक्षिणा कमिटीपेक्षा पुढची आहे यात संशय नाही. योजना चांगली असली तरी निवड माणसेच करतात, हे मात्र 1855 सालाने आपल्याला कायमचे शिकवून ठेवले आहे.

आणि आजची स्थिती कशी आहे? स्टीफन्सला अडविणारे सहाशे ठसे आता संगणकात मावतात. खिळे गेले, जुळारी गेले. मागणीप्रमाणे पन्नास प्रती काढाव्यात, विकल्या तर आणखी काढाव्यात, अशी सोय झाली आहे. ज्याच्यापाशी थोडा पैसा आहे त्यास आपले पहिले पुस्तक काढण्यापासून कोणी रोखू शकत नाही. तेव्हा जामिनाची गरज संपली, असे कित्येकांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. पूर्वी पुस्तक छापखान्याच्या अलीकडे अडत असे, आता ते छापखान्याच्या पलीकडे अडते. छापलेले पुस्तक कपाटात, पलंगाखाली, नातेवाइकांच्या घरी भेटीदाखल पडून राहते. न उघडलेल्या पुस्तकाची दशा न छापलेल्या पुस्तकाहून फारशी बरी नव्हे. पदरचे पैसे देऊन पुस्तक काढणाऱ्या लेखकाने आपले निम्मेच काम केलेले असते, आणि उरलेले निम्मे त्याच्या हातात नसते.

ते आपल्या हातात आहे, श्रोतेहो. धर्मसत्ता, सरकार, कमिटी, मासिक, मित्र, प्रकाशक असे जामीनदार एकामागून एक येऊन गेले. आता पाळी वाचकाची आहे. या शहरात असे एकही वर्ष जात नसेल, की ज्यात कोणाचे तरी पहिले पुस्तक निघाले नाही. कोणी शाळेतील मास्तर असेल, कोणी दवाखान्यातील परिचारिका असेल, कोणी शेतकऱ्याची मुलगी असेल. त्यातील सर्व पुस्तके चांगली असतील असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळशी सामान्यच निघतील. परंतु वर्षातून एकदा तरी, ज्याचे नाव आपण कधी ऐकलेले नाही अशा माणसाचे पहिले पुस्तक पैसे देऊन विकत घ्यावे, शेवटपर्यंत वाचावे, आवडले तर चार माणसांत बोलावे, आणि नावडले तर का नावडले हे त्या लेखकास दोन ओळींत कळवावे. आपल्या गावच्या वाचनालयाच्या खरेदीच्या यादीत अशा एका पुस्तकाचा आग्रह धरावा. ताराबाईंच्या पाचशे प्रती नऊ-नऊ आणे देऊन ज्या कोणी घेतल्या, त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. त्यांतल्या कोणीतरी आपली प्रत रद्दीत घातली नाही, म्हणून ताराबाई आज आपल्याशी बोलू शकतात.